सातवी खेळी

फोन वाजला तेव्हा तिचे दोन्ही हात दोऱ्यात अडकलेले होते, आणि ते केव्हा अडकले हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. प्रयोगशाळेत तंबू शिवायच्या दोऱ्याची रिळं तपासणीला आली होती. नव्या रिळाचा सुरुवातीचा दीड मीटर दोरा टाकून द्यायचा असा नियम आहे. त्याला बाहेरच्यांचे हात लागलेले असतात, त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. रोज तो तुकडा कचऱ्याच्या डब्यात जायचा. आज गेला नव्हता. तिच्या बोटांनी त्याची टोकं गाठीने जोडली होती, ते वळं दोन्ही तळहातांभोवती एकेकदा गुंडाळलं होतं, मधल्या बोटांनी समोरासमोरचे दोरे उचलले होते, आणि तिच्या छातीपुढे आता दोऱ्याच्या खेळातला पाळणा ताणलेला होता. दोन्ही अंगांना एकेक फुली, बाहेरून दोन सरळ दोरे. फोन थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत होता. पडद्यावर ‘भाऊजी’ अशी अक्षरं होती. बोटं नुसती खाली वाकवली असती तरी वळं गळून पडलं असतं, अर्ध्या सेकंदाचं काम. पण ज्याच्या हातात पाळणा, त्याने तो स्वतः काढायचा नसतो. समोरच्याने काढून घ्यायचा असतो, आणि घेता घेता त्याचं दुसरंच काहीतरी करायचं असतं. हे तिला कुणी आज सांगत नव्हतं. पण हात तसेच राहिले. ती समोर बघत राहिली. समोर मशीन होतं. फोन कडेपाशी येऊन गप्प झाला.

“काय गं, स्वतःलाच अटक केलीस?” पलीकडच्या टेबलावरून काकांनी विचारलं. काका इथले सगळ्यात जुने. मशीनपेक्षा चार वर्षांनी मोठा आहे मी, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

“कुणीतरी काढून घ्यावं लागतं,” ती म्हणाली.

“एवढंच ना?” काका उठले, खिशातली छोटी कात्री काढली आणि मधला एक दोरा कट्‌कन तोडला. “घे. सुटलीस. चहा आलाय.”

दोन टोकं तिच्या मनगटांवर लोंबत राहिली. काकांनी मदतच केली होती, त्यांच्या चेहऱ्यावर मदत केल्याचं समाधानही होतं, आणि तिने “थँक्यू काका” म्हटलं. मग तिने पुढचा नमुना मशीनच्या दोन जबड्यांत अडकवला. वरचा जबडा वर जातो, खालचा जागचा हलत नाही. दोरा ताणतो, आकडा चढत जातो, आणि एका क्षणी आवाजही न करता दोरा दोन होतो. मग वहीत दोन गोष्टी लिहायच्या: किती ताणाला तुटला आणि कुठे तुटला. मधे तुटला तर वाचन, म्हणजे मशीनचा आकडा, धरायचं. जबड्यापाशी तुटला तर सोडून द्यायचं, कारण तिथे दोरा ताणाने तुटत नाही, पकडीने तुटतो. तिने आकडा लिहिला आणि ‘कुठे तुटला’च्या रकान्यात ‘कात्री’ असं लिहिलं. लिहून झाल्यावर तिला ते दिसलं. तिने त्यावर एकच सरळ रेघ मारली, बाजूला सही केली, नियमाप्रमाणे, आणि खाली ‘मधोमध’ असं लिहिलं.

ताईला जाऊन सात महिने झाले होते. अकरा दिवसांचा ताप, शेवटचे चार दिवस हॉस्पिटलचे. ताई गेल्यावर चौथ्या दिवशी ती कामावर परत आली होती. तेव्हापासून लोक तिच्याशी हळू आवाजात बोलत, जणू ती झोपली आहे. मग हळूहळू त्यांनी आवाज पूर्ववत केला. ती रडली नव्हती. रडू दाबलं होतं असंही नव्हतं. दाबायला खाली काहीतरी लागतं. तिने हे एखाद्या उपकरणाकडे बघावं तसं बघितलं होतं. आकडा शून्य दाखवतोय. शून्य हेही वाचनच असतं, पण ते लिहायच्या आधी उपकरण चालू आहे का ते तपासायचं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. कसं तपासायचं ते तिला कळत नव्हतं. वजन होतं तेवढंच होतं, झोप सात तास होती, दूध उतू जायच्या आत ती गॅस बंद करत होती.

दुपारी तिने जिन्यात उभं राहून भाऊजींना फोन लावला.

“सकाळी केला होता,” ते म्हणाले. “कामात होतीस?”

“हात गुंतले होते.”

“बरं. ते पोरीच्या वसतिगृहाचं म्हणत होतो. सोमवार शेवटचा दिवस आहे. फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून तुझी सही लागेल. म्हणजे फार काही नाही, रविवारी भेटायला जायचं, ताप-बीप आला तर त्यांनी तुला फोन करायचा. बाकी सगळं ते बघतात.”

“हं.”

“मी तुला तेव्हा विचारलं होतं,” भाऊजी थांबले. मागे कुठेतरी ट्रक मागे घेत असल्याचा पीं-पीं आवाज येत होता. ते बोगद्यांच्या कामावर होते. पुढची दोन वर्षं डोंगरातल्या कॅम्पवर, जिथे शाळा नव्हती. “तुझ्याकडे राहील का म्हणून. तू काही बोलली नाहीस. मी दोष देत नाही हां. एकटीनं पोर अंगावर घ्यायचं म्हणजे खायचं काम नाही. पण मग मला दुसरी सोय बघायला नको?”

“बघायलाच हवी,” ती म्हणाली.

“उद्या तिला दोनेक तास तुझ्याकडे सोडतो. फोटो, शिक्के वगैरे उरकून पाचला येतो. सही करून ठेव, म्हणजे झालं.”

झालं, ती मनात म्हणाली. जिन्याच्या कठड्याचा रंग एका जागी उडाला होता, आणि खालचा जुना हिरवा रंग दिसत होता. खरं म्हणजे ती तेव्हा बोलली नव्हती ती नको म्हणून नव्हे. तिने आत हात घालून पाहिलं होतं आणि आत काहीच लागलं नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीला काय द्यायचं? दूध, गृहपाठ, धुतलेले कपडे हे सगळं वसतिगृहही देतं. जे वसतिगृह देत नाही ते तिच्याकडे असायला हवं होतं, आणि ते आहे की नाही हे न तपासताच हो म्हणणं म्हणजे वाचन न घेता आकडा भरणं. हा असला आकडा तिने जन्मात कधी भरला नव्हता. म्हणून ती गप्प राहिली होती, आणि गप्प राहण्याचा अर्थ लोक लावतात तो भाऊजींनी लावला होता.

संध्याकाळी निघताना तिने नव्या रिळाचा दीड मीटर दोरा कापला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

ताई तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आईची ड्यूटी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, दुपारी दोन ते दहा, आणि जाताना ती बाहेरून कुलूप घालून जायची. कुलपाच्या आतली ती लांब दुपार. फरशीवर दोघी समोरासमोर मांडी घालून बसलेल्या, गुडघ्याला गुडघा. ताई पाळणा करायची. ती पाळण्याच्या दोन फुल्या चिमटीत धरायची, बाहेर ओढायची, बाहेरच्या दोऱ्यांखालून वळवून मधून वर काढायची, की खाट. खाट ताई घ्यायची आणि तिचे रूळ व्हायचे, चार सरळ दोरे, आगगाडी जाईल असे. रूळ तिने करंगळ्यांनी घ्यायचे, उजव्या करंगळीने डावा आणि डाव्या करंगळीने उजवा, आणि करंगळ्या घट्ट आवळून बाकीची बोटं खालून मधे घालायची. त्याचा उलटा पाळणा. ही खेळी तिला येते याचा तिला फार ताठा होता. मग ताई उलट्या पाळण्याच्या चौकटी करायची, ती चौकटींचा डोळा करायची, मधोमध एक चिंचोळी फट आणि तिच्या दोन्ही बाजूंना पापण्यांसारखे दोरे. डोळा तिच्या हातात असायचा, आणि मग ताई म्हणायची, “मीट आता.”

“का पण?”

“डोळ्यासमोर डोळे उघडे ठेवायचे नसतात. मीट. लुच्चेगिरी नाही.”

ती डोळे इतके घट्ट मिटायची की आत लाल-पिवळे ठिपके दिसायचे. हातांना काहीतरी जाणवायचं, बोटांवरून दोरा सरकल्याचं, मग एक क्षण हात एकदम हलके. “उघड,” ताई म्हणायची. आणि ताईच्या हातात पाळणा असायचा. पहिलाच. डोळ्याचा पुन्हा पाळणा झालेला. मग ती पुन्हा खाट करायची. आई येईपर्यंत किती वेळा फिरायचं हे चक्र कोण जाणे. सातवी खेळी काय ते ताईने कधी सांगितलं नाही, ताकास तूर लागू दिली नाही. कॉलेजात असताना तिने एकदा कागदावर सहाही आकृत्या काढल्या, दोरे जिथे एकमेकांवरून जातात ते बिंदू मोजले, आणि डोळ्यातून एका खेळीत पाळणा कसा होतो ते शोधायला बसली. वळ्यात गाठ नसेल तर कुठलीही आकृती उलगडत उलगडत परत साधं वळं करता येतं, हे तिला माहीत होतं. पण एका खेळीत, दहा बोटांत? तीन पानं भरली आणि उत्तर आलं नाही. ताईला विचारायचं तिने ठरवलं होतं. मग ताईचं लग्न निघालं, मग तिची मुलगी, बटण, झाली, मग हे ना ते. विचारायचं राहून गेलं, आणि आता राहूनच गेलं.

शनिवारी तीन वाजता भाऊजींनी बटणला दारातून आत सोडलं आणि ते लिफ्टकडे धावले. नाक वाटोळं, म्हणून ताईने तिला बाळपणीच बटण म्हणायला सुरुवात केली होती. शाळेतलं नाव शाळेपुरतं. तिच्या पाठीवर दप्तर होतं. शनिवार होता, दप्तराची गरज नव्हती. ती सोफ्याच्या टोकाला बसली आणि दप्तर तिने काढलं नाही.

“काही खातेस?”

“नको.”

“टीव्ही लावू?”

“नको. तू लाव, तुला हवा असेल तर.”

भिंतीवरचं घड्याळ सेकंदासेकंदाला टक करत होतं. एरवी ते कधी ऐकू आलं नव्हतं. मावशी म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. तिने पर्स उघडली, दोरा काढला, टोकांना गाठ मारली. बटण बघत होती. तिने पाळणा केला आणि हात पुढे धरले, आणि आपण काय करतो आहोत ते तिला हात पुढे गेल्यावर कळलं.

बटणने दप्तर काढलं. सोफ्यावरून खाली उतरून समोर मांडी घालून बसली, गुडघ्याला गुडघा. दोन्ही फुल्या चिमटीत धरल्या, ओढल्या, खालून वळवल्या, वर. खाट. अगदी तिची खेळी, तिच्याच पद्धतीने, शेवटी मनगटांना एक छोटा हिसका देऊन. तो हिसका ताईनेच तिच्याकडून उचलून मुलीला दिला असणार. खाट हातात धरून बटण वाट बघू लागली.

ती खाटेकडे बघत राहिली. खाट तिने हजारो वेळा हातात धरली होती. एकदाही काढून घेतली नव्हती.

“घे ना,” बटण म्हणाली.

“मला ही येत नाही.”

“म्हणजे?”

“ही ताई घ्यायची. मला तुझ्याच खेळ्या येतात. दुसरी, चौथी, सहावी.”

बटणने भुवया उंचावल्या. “मलापण तेवढ्याच येतात. पहिली, तिसरी, पाचवी आई करायची.” मग खाट तशीच धरून ती म्हणाली, “म्हणजे आपण दोघी सारख्याच. काही उपयोग नाही.”

काही उपयोग नाही, हे बरोबरच होतं. ती जेव्हा जेव्हा ताईकडे जायची तेव्हा ताईच मधे बसायची, एकदा हिच्याशी खेळायची, एकदा तिच्याशी. मावशी-भाचीने समोरासमोर बसायची वेळ कधी आलीच नव्हती. एक माणूस मधून उठलं आणि एका खेळाचे दोन अर्धे उरले, आणि दोन्ही अर्धे एकच निघाले. हे तिला जवळजवळ एखाद्या निष्कर्षासारखं स्वच्छ दिसलं. आणि तरी काही वाटलं नाही. बटणच्या बोटांची टोकं मात्र लाल होत चालली होती. दोरा जाड होता आणि पोर तो जिवाच्या आकांताने ताणून धरत होती.

“थांब,” ती म्हणाली. “हलू नकोस.”

तिने ताईचे हात आठवले नाहीत. ते आठवत नव्हते, ताईच्या हातांवर शेवटी सुया टोचून टोचून निळे डाग पडले होते आणि आठवायला गेलं की तेच हात येत. तिने स्वतःचे हात आठवले. खाट धरलेली असताना पहिला स्पर्श कुठे व्हायचा? बाजूला, लांबट फुल्यांपाशी, करंगळीच्या आतल्या अंगाला ताईचं नख घासायचं. मग दोरा बाहेर ओढला जायचा, तेव्हा आपला अंगठा आत यायचा. मग खालून काहीतरी वर यायचं, तळहाताला गार लागायचं. ताईच्या बोटात अंगठी असायची. तिने फुल्या धरल्या, बाहेर ओढल्या, खालून वर. “आता सोड.” बटणने सोडलं. चार सरळ दोरे.

“रूळ,” बटण म्हणाली, आणि लगेच करंगळ्या घातल्या. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण आवाज किंचित वर गेला होता. उलटा पाळणा.

पाचवी खेळी दोनदा फसली. तिने फुल्या धरून खालून वळवल्या आणि सगळं फस्सकन एक साधं वळं होऊन लोंबलं. पुन्हा पाळण्यापासून. पुन्हा खाट, रूळ, उलटा पाळणा, पुन्हा वळं.

“तू खालून का येतेस?” बटण म्हणाली. “आई वरून यायची. मला असं व्हायचं, इथे.” तिने मनगटाच्या वरची बाजू हनुवटीने दाखवली. “इथे तिची बांगडी लागायची. मग ती खाली बुडी मारायची.”

“बुडी?”

“बोटांची बुडी गं.”

वरून धरलं, बाहेरच्या दोऱ्यांवरून आणलं, मधे बोटांची बुडी. चौकटी. बटणने नाकातून हवा सोडली, पंपातून सोडतात तशी. तिने चौकटी घेतल्या आणि डोळा केला. चिंचोळी फट, दोन्हीकडे पापण्या. दोघी त्याच्याकडे बघत बसल्या. पावणेपाच वाजले होते. खेळ सातव्या खेळीशी येऊन उभा राहिला होता, आणि ती खेळी आता जगात कुणालाच येत नव्हती.

“मीट,” ती म्हणाली. हा आवाज आपल्याला कुठून मिळाला हे तिला कळलं नाही.

बटणने आज्ञाधारकपणे डोळे मिटले. पापण्या थरथरत होत्या, ओठ आत घेतले होते. तिच्या हातात डोळा. मावशी त्या दोऱ्यांकडे बघत राहिली, कागदावर तीन पानं भरली होती तेव्हासारखी. फुल्या मोजल्या, फटीतून बोट घालून पाहिलं, काढून घेतलं. काही सुचेना. पोर वाट बघत होती. उघड म्हणायची वेळ टळून चालली होती. आणि मग तिने ते केलं, जे तिने वहीत, मशीनपाशी, कुठेच कधी केलं नव्हतं: बटणच्या बोटांवरून सगळा दोरा सरळ ओढून काढला, डोळा मोडला, वळं घाईघाईने स्वतःच्या तळहातांभोवती गुंडाळलं, मधल्या बोटांनी समोरचे दोरे उचलले. पाळणा. कान गरम झाले होते तिचे.

“उघड.”

बटणने डोळे उघडले, पाळण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “बरोबर,” ती म्हणाली. “आईपण असंच करायची.”

“असंच म्हणजे?”

“सगळं काढून टाकायची आणि परत पहिल्यापासून. पटापट. मी एकदा थोडासा डोळा उघडून बघितलं होतं.” तिने किती थोडासा ते एका डोळ्याने करून दाखवलं. “तिला पुढचं येतच नव्हतं.”

“मग तू बोलली नाहीस?”

“कशाला? ती खूश व्हायची. तू कधी बघितलं नाहीस?”

“नाही.”

“एकदापण नाही?” बटण आता खरंच चकित झाली होती. “एवढी मोठी झालीस तरी?”

ती हसली असावी. घशातून काहीतरी आवाज आला खरा. बारा वर्षांची ताई, बाहेरून कुलूप, समोर सहा वर्षांची डोळे घट्ट मिटलेली बहीण, आणि पुढचं येत नाही. सहाच खेळ्या माहीत आणि दुपार तर दहापर्यंत. हात एकदम हलके व्हायचे तो क्षण. तेवढ्या क्षणात ताई एकटी असायची.

तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. पाळणा तिने केव्हापासून फार ताणून धरला होता. टोकांना काही लागत नव्हतं, दोराही.

दाराची बेल वाजली. मग पुन्हा. बटण उठली नाही. “उघडंच आहे,” मावशीने आतून सांगितलं, आणि भाऊजी आत आले, हातात प्लास्टिकची फाइल, कपाळावर घाम. दोघींना फरशीवर बघून ते दारातच जरा थबकले, मग फाइलमधून फॉर्म काढून त्यांनी टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं, पेन घरंगळू नये म्हणून बोटाने दाबून ठेवलं.

“शिक्के झाले सगळे. तुझी एक सही तेवढी. इथे, फुली केलीय बघ. खाली गाडी वेडीवाकडी लावलीय मी.”

“हात गुंतलेत,” ती म्हणाली.

“बटण, काढ तो दोरा मावशीच्या हातातला. चल.”

बटणने वडिलांकडे पाहिलं. पाळण्याकडे पाहिलं. मग तिने आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.  नजर दोऱ्यावर, ओठ आत घेतलेले, मघाशी डोळे मिटताना होते तसे.

“अगं, काय पोरकटपणा आहे हा? मग तूच सोड की गं,” भाऊजी तिला म्हणाले. “नुसता दोरा तर आहे.”

नुसता दोरा होता. बोटं खाली वाकवली असती तर गळून पडला असता. अर्ध्या सेकंदाचं काम. तिने हात तसेच धरले. आत अजूनही काही लागत नव्हतं. तिने पुन्हा एकदा तपासलं. मग उपकरण तसंच राहू दिलं.

“भाऊजी, ही इथेच राहील,” ती म्हणाली.

“म्हणजे? आज?”

“इथून शाळेला जाईल. कपाटाचा एक कप्पा रिकामा करावा लागेल, तो उद्या करते.”

भाऊजींचं बोट पेनवरून उचललं गेलं. पेन घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि खाली पडलं. ते उचलायला वाकले, आणि वाकले ते जरा वेळ वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. “मला विचार करायला…” ते म्हणाले. “तू नीट विचार केलायस का पण?”

“नाही,” ती म्हणाली. “बसा तुम्ही. गाडी राहू दे. हिची खेळी चालू आहे.”

भाऊजी सोफ्याच्या टोकाला, दप्तराशेजारी बसले. बटणने एक हात मांडीखालून काढला, मग दुसरा. दोन्हींवर फरशीचे वळ उठले होते. तिने ते फ्रॉकला पुसले, आणि फुल्या चिमटीत धरल्या, आणि ओढल्या. दोरा सुटला तसं रक्त परत आलं, आणि मावशीच्या दहाही बोटांच्या टोकांना एकदम मुंग्या आल्या, इतक्या की हात झटकावेसे वाटले. तिने झटकले नाहीत. बटणच्या हातात खाट होती.